एरंडोलला न वाढलेलं तूप

सावद्याच्या रुपचंद नानांची आठवण फार दांडगी, असं सावद्यात सगळे म्हणत. म्हणजे आधी नाना स्वतः म्हणत, मग ऐकून ऐकून बाकीचे म्हणू लागले. तसा हा केळीवाला शेतकरी चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्मा शोधायचा. एका नातवाला हाक मारायची तर घरातल्या सगळ्या पोरांची नावं घेत घेत शेवटी बैलाच्या नावावर येऊन थांबायचा. पण जुनी गोष्ट निघाली की नाना अशी रंगवून सांगत की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटे. हे अगदी खरंखुरं पाणी. कारण नानांना आयुष्यातलं जे काही आठवे, ते जेवणावरून आठवे.

थोरला मुलगा शालिग्राम कोणत्या साली जन्मला, असं विचारलं तर नाना छताकडे बघत. साल काही तिथे लिहिलेलं नसे. मग जीभ टाळूला लावून म्हणत, "बामणोदची वांगी आणली व्हती त्या दिवशी भरताले. सोलत बसलो व्हतो, तर सुईण बाहेर आली, म्हणे पोरगा झाला. मी म्हटलं, थांब माय, मिरची कुटून होऊ दे." वादळाने केळीची बाग आडवी केली ते वर्ष पातोडीच्या रश्श्याचं. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती आणि शेजारच्या बेबाबाईंनी पातेलंभर रस्सा पाठवला होता. "बाग गेली," नाना सांगत, डोळे पुसत, आणि तसेच ओले डोळे मिटून म्हणत, "पण रस्सा! तसा रस्सा पुन्हा नाई."

शालिग्रामची मुलगी, नानांची नात कुंदा फैजपूरच्या कॉलेजात बी.ए.ला गेली आणि तिने मानसशास्त्र घेतलं, तेव्हा नानांच्या या विद्येची पहिल्यांदा शास्त्रीय तपासणी झाली. हे सत्त्याऐंशी सालचं. कुंदाच्या पुस्तकात आठवणीचे तीन टप्पे दिले होते. आधी आत घेणं, मग साठवणं, मग लागेल तेव्हा बाहेर काढणं. ओसरीवर येरझाऱ्या घालत ती हे मोठ्याने पाठ करत होती. तांदूळ पाखडत बसलेल्या तिच्या आजी, म्हणजे पुष्पाबाई, ऐकत होत्या.

"तुझ्या नानांचे तिन्ही टप्पे तोंडातच," पुष्पाबाई म्हणाल्या.

कुंदाने पान उलटलं. "नाना, आमचे सर सांगतात, आठवण म्हणजे लोणचं नाही, की बरणीत घातलं आणि वर्षाने तसंच काढलं. आठवण म्हणजे भाजी. दर वेळी नव्याने फोडणी द्यावी लागते. आणि हात काही दर वेळी सारखा पडत नाही."

"तुझ्या सरांले भाजी करता येत नसंल," नाना म्हणाले. "माझी आठवण लोणचंच. त्यातली कैरी अजून कडक आहे."

ही कडक कैरी म्हणजे एरंडोलचं तूप.

ही गोष्ट ज्याने ऐकली नाही तो सावद्याचा नव्हेच. फार तर बदली होऊन आलेला कारकून असेल, आणि त्यालाही खोली मिळण्याआधी ती ऐकायला मिळे. फार वर्षांपूर्वी नाना एरंडोलला एका लग्नाला गेले. पंगत बसली. वरण-बट्टीचा बेत. बट्टी कुस्करून झाली, वर वरण पडलं, आता राहिलं तूप. बिनतुपाची बट्टी घशाखाली उतरवायची म्हणजे काय, हे खानदेशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तुपाचं भांडं घेऊन वाढपी आला. नानांच्या डाव्या हाताच्या माणसाला त्याने धार सोडली. उजव्या हाताच्या माणसाला सोडली. मधले नाना कोरडे. नाना भरल्या पानावरून उठले आणि चारचौघांत म्हणाले, "आजपासून या घरचं पाणीबी पिणार नाई!"

मूळ गोष्ट एवढीच. पण फोडणी दर वर्षी. सुरुवातीला वाढपी नजरचुकीने पुढे गेला होता. काही वर्षांनी तो नानांच्या डोळ्यांत डोळे घालून पुढे जाऊ लागला. मग त्याने भांडं उपडं करून दाखवलं आणि हसला. पुढे वाढप्याची चाकरीच गेली आणि त्याच्या जागी खुद्द घरधनी आला. सहा फूट उंच, टोकावर लिंबू ठरेल अशा मिशा, आणि "आमच्याकडे तूप माणूस पाहून वाढतात" असं म्हणणारा. सगळं वऱ्हाड खदाखदा हसलं, ही भर सर्वांत अलीकडची. त्या घरधन्याचं नाव मात्र नाना सांगत नसत. "त्याचं नाव मी तोंडात घेत नाई," असं ते अशा आवाजात म्हणत की पुढे विचारायची कोणाची छाती होत नसे.

पाण्याचा नियमही वाढत वाढत घरावरून गल्लीवर आणि गल्लीवरून गावावर गेला होता. एस.टी. एरंडोलच्या स्टँडवर थांबली की नाना चहासुद्धा घेत नसत. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला जायचे तेव्हा पाण्याचा तांब्या सावद्याहून न्यायचे. गणपतीशी त्यांचं काही भांडण नव्हतं.

पुष्पाबाई ही गोष्ट ऐकताना कधी मध्ये बोलत नसत. फक्त वऱ्हाड हसायला लागलं की त्यांचं सूप जरा जोरात वाजे.

पुढच्या वर्षी होळी झाली आणि कुंदाला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत. वडील भाईदासभाऊ कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, हसरे, पोट सुटलेले. याआधीच्या दोन स्थळांनी कुंदाला स्वयंपाकाचं विचारलं होतं आणि लग्नानंतर शिक्षण कशाला म्हटलं होतं. हा मुलगा खाली बघत म्हणाला, "तुमचं उरलेलं बी.ए. धुळ्यात करता येईल. मी कॉलेजात विचारून आलोय. घरापासून पायी जाता येतं." कुंदा आत गेली आणि घडी घातलेलं लुगडं उलगडून पुन्हा घडी घालत बसली.

त्या बैठकीत नानांनी भाईदासभाऊंना तुपाची गोष्ट ऐकवली, हे वेगळं सांगायला नको. रंगात आल्यावर गावाचं नाव तेवढं सांगायचं राहून गेलं. भाईदासभाऊ मांडीवर थाप मारून हसले.

"काय एकेक लोक असतात, नाना! पंगतीतल्या माणसाला तूप नाही? असल्या घरात पोरगी देऊ नये."

"तेच म्हणतो मी!" नाना म्हणाले. व्याही फार समजूतदार वाटले त्यांना.

चैत्रात धुळ्याला घर पाहायला जायचं ठरलं. मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहायचं आणि तिथे जेवायचं. जेवले म्हणजे पसंत. पाणीही न घेता उठले तर काय समजायचं ते समजायचं. नाना, पुष्पाबाई, शालिग्राम आणि पुष्पाबाईंचा धाकटा भाऊ लोटन असे चौघे निघाले. लोटनचा स्वभाव फार सुटसुटीत. पुढ्यात येईल ते खायचं आणि मागे गेलेलं विसरायचं.

निघताना कुंदाने आजीला दाराआड ओढलं. "आजी, नानांना तिथे कशावरून रुसू देऊ नकोस. मला हे स्थळ हवंय." एवढं उघड बोलून गेल्याचं लक्षात आलं तशी तिने घाईने पुरवणी जोडली, "परीक्षेसाठी."

एस.टी. एरंडोलला थांबली. लोटन उतरला आणि भजी घेऊन आला.

"घ्या दाजी, गरम आहे."

"या गावचं मले नको."

"काहाले हो?"

"कितीदा सांगू तुले? तूप!"

"हां हां, तूप," असं म्हणून लोटनने दाजींच्या वाट्याचीही भजी खाल्ली.

धुळ्याला उतरून भर उन्हात चालत घरी पोहोचेपर्यंत नानांच्या घशाला कोरड पडली होती. घर छान होतं. दारात तुळस, आत गार फरशी. भाईदासभाऊंनी स्वतः पाण्याचे पेले आणले, चिवड्याच्या बशा आल्या. नानांनी पेला उचलला, मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला एक फोटो त्यांना दिसला. खाली काहीतरी लिहिलं होतं. नानांनी सवयीने चष्मा शोधला. शालिग्रामने तो त्यांच्या कपाळावरून नाकावर उतरवला.

कै. झिपरू लखा पाटील, एरंडोल.

पेला ओठांपाशी थांबला. तीस वर्षं जे नाव तोंडात घेतलं नव्हतं ते आता पाण्याबरोबर आत जाऊ बघत होतं. नानांनी फोटोतल्या माणसाकडे डोळे वटारून पाहिलं आणि ते जरा चपापलेच. मिशा कुठे गेल्या? फोटोतला माणूस खारकेसारखा बारका होता, कान तेवढे मोठे, आणि खुर्चीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"हे... कोण?"

"आमचे वडील," भाईदासभाऊ म्हणाले. "मूळ घर एरंडोलचं ना आमचं. मी नोकरीपायी इकडे आलो."

नानांनी पेला खाली ठेवला.

"पाणी घ्या ना, नाना."

"तहान नाई."

शालिग्रामचा चेहरा उतरला. बापाच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि बाप तहान नाही म्हणत होता. नानांच्या डोळ्यांपुढे कुंदा आली. खाली मान घालून लुगड्याची घडी घालणारी. तिच्या मागे हातात तुपाचं भांडं घेऊन झिपरू पाटील उभा राहिला, पण तो सहा फुटी की खारकेएवढा, हे काही केल्या ठरेना.

इतक्यात आतून भाईदासभाऊंची आई, इंदिराबाई, काठी टेकत आल्या. वयाने वाकलेल्या, पण नजर लख्ख. त्यांनी आधी पेला पाहिला.

"आमना घरना पानीले काय व्हयनं, भाऊ?"

म्हाताऱ्या बाईशी खोटं बोलणं नानांना जमलं नाही. "माय, तुमच्या घरच्या लग्नात मले तूप वाढलं नाई."

भाईदासभाऊंचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे ते... असल्या घरात पोरगी देऊ नये, ते घर आमचंच?"

लोटनच्या चिवड्याचा तेवढा आवाज येत होता.

पुष्पाबाई आतापर्यंत पदर सावरून कोपऱ्यात बसल्या होत्या. व्याह्यांच्या बैठकीत बोलायची त्यांची रीत नव्हती. पण निघताना दाराआड ऐकलेलं त्यांच्या कानात होतं.

"एक विचारू का तुमाले?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ज्याच्यावर जन्मभर रुसला, त्याचं तोंड फोटोत ओळखलं नाई तुम्ही. नाव वाचून ओळखलं."

"चष्मा नव्हता ना डोळ्यांवर!"

"चष्मा लावून मिशा शोधत व्हते. पाहिलं मी."

नानांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. आपल्या विहिरीवर इंजिन बसवलं, त्या दिवशी काय खाल्लं व्हतं?"

जेवणाचा प्रश्न आणि नाना उत्तर देणार नाहीत, असं कधी झालं नव्हतं. रुसलेला चेहरा आपोआप उजळला. "कळण्याची भाकरी! आणि ठेचा, कच्चं तेल घालून. भुसावळचा मिस्त्री आला व्हता. घरात बाईमाणूस नाई, भाकरी मीच थापली. एका अंगाने जळाली. त्या मिस्त्रीने चांगला अर्धा भाग खाल्ला आणि जळका मले ठेवला! वर दही मागतो! कांदा फोडला मी बुक्कीने, तर डोळ्यांत असा झणका गेला—"

"घरात बाईमाणूस काहाले नव्हतं? मी कोठी गेलते?"

"तू? तू लग्नाले गेलती ना. लोटनबरोबर."

"कोठी?"

उत्तर नानांच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिथे जळक्या भाकरीची चव अजून रेंगाळत होती.

"एरंडोलले," ते म्हणाले. फार बारीक आवाजात.

"तुम्ही विहिरीवर व्हते. पंगतीत लोटन व्हता. घरी येऊन हा किती तणतणला, पाणी पिणार नाई म्हणाला, तुम्ही ऐकलं. पुढच्या वर्षी कोणाले तरी सांगताना लोटनच्या पाटावर तुम्ही बसले. ते काही उठलेच नाई."

"आणि तू बोलली नाई?"

"पहिल्यांदा बोलले. तुम्ही म्हणे, घशात बट्टी अडकली ती काय लोटनच्या घशात? मग मी म्हटलं, जाऊ दे. माणसाले रुसायले कोणीतरी लागतं. एरंडोल लांब आहे, तिकडे रुसलेले बरे."

नानांनी डोळे मिटले. ती बट्टी अजूनही घशात होती, शपथेवर. पण कसली? जळक्या भाकरीला वास होता, ठेच्यात तेल कच्चं होतं, कांद्याचा झणका आत्ता या घडीला डोळ्यांत जाणवत होता. बट्टीला नुसता कोरडेपणा. बट्टीत ओवा होता का? वरण कसलं होतं, तुरीचं की मिसळीच्या डाळीचं? आंबट काय होतं पानात? ज्या माणसाला मिस्त्रीने मागितलेलं दही आठवत होतं, त्याला लग्नातली भाजी आठवेना. असं नानांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. न जेवलेलं जेवण तेवढं असं असतं.

इंदिराबाई हळूच हसल्या. "भाऊ, त्या लगीनमा तूप सरी गयथं. आर्धी पंगत कोरडी उठनी. धनी लाजीसन मांगला दारले जाई बठनात."

म्हणजे मिशांना पीळ देत माणूस पाहून तूप वाढणारा तो घरधनी, तूप संपलं म्हणून लाजून मागच्या दाराशी जाऊन बसला होता. नानांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. जमिनीला न टेकणारे ते पाय बघून त्यांना एकदम वाईट वाटलं. त्यांनी पेला उचलला, घटाघटा रिकामा केला आणि पुढे केला. "अजून द्या, माय."

शालिग्रामने श्वास सोडला. भाईदासभाऊंनी हसायला सुरुवात केली. आणि चिवड्याचा आवाज थांबला.

"दाजी," लोटन म्हणाला, "तो मी व्हतो?"

"व्हय."

"तूप वाढलं नाई ते मले?"

"व्हय बाबा, तुलेच."

लोटनच्या चेहऱ्यावर, ज्याच्यावर सहसा काहीच उमटत नसे, हळूहळू काहीतरी उमटू लागलं. "आठवलं मले. त्या वाढप्याने भांडं उपडं करून दाखवलं. आणि हसला."

"अरे, ते मी घातलेलं आहे!" नाना घाईने म्हणाले.

"नाई दाजी, मले चक्क दिसतंय. सगळं वऱ्हाड हसलं." लोटनने चिवड्याची बशी खाली ठेवली. "मी या घरचं पाणी पिणार नाई."

"मामा, तीन पेले झाले तुमचे!" शालिग्राम ओरडला.

"तव्हा आठवलं नव्हतं."

मुलीच्या बापाचा मामाच असा हात आखडून बसला म्हणजे मिटलेलं पुन्हा उघडलं. आता नाना पुढे सरसावले. "लोटन, शहाण्यासारखं कर. इतक्या वर्षांची गोष्ट. माणसाने असं मनात धरून ठेवू नये रे." हे बोलताना त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं. पुष्पाबाई छताकडे बघत होत्या.

इंदिराबाईंनी कोणाची समजूत काढली नाही. त्या आत गेल्या आणि पानं मांडायला लावली. पाहुण्यांचा मान म्हणून त्या घरी त्या दिवशी वरण-बट्टीच होती. लोटनला धरून बसवलं. तो बसला, पण हात मांडीवर. बट्टी कुस्करली गेली, वरण पडलं. मग सुनेच्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेऊन इंदिराबाई स्वतः आल्या. नानांना ओलांडून, भाईदासभाऊंना ओलांडून, लोटनपाशी थांबल्या आणि धार सोडली.

"बस, माय."

धार चालूच.

"बस, बस! ताट भरलं!"

तूप ताटाच्या काठावरून पाटावर उतरलं, तेव्हा म्हातारी थांबली. "आते त्या दिननं बी उनं," ती म्हणाली. त्या दिवसाचंही आलं यात.

लोटनने मांडीवरचा हात उचलला. मग एक घास घेतला. मग दुसरा. "अक्का," तो तोंड भरून बहिणीला म्हणाला, "तूप घरचं आहे." रुसव्याचा विषय तिथे संपला आणि कुंदाचं लग्न ठरलं.

नानांच्या पानातही तूप पडलं होतं, रीतीप्रमाणे, पळीभर. ते जेवले, नावाजून जेवले. पण मधूनमधून त्यांची नजर लोटनच्या ताटात जात होती. तीस वर्षं उन्हातान्हात ज्या तुपासाठी एरंडोलला चहा घेतला नाही, ते तूप शेवटी आलं आणि साल्याच्या पानात गेलं. परतताना एस.टी. एरंडोलला थांबली, तेव्हा नाना स्वतः उतरले आणि भजी घेऊन आले. बरी होती. भजीत कोथिंबीर कमी होती, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

वैशाखात सावद्याला लग्न लागलं. पंगतींची गडबड सुरू होती आणि मांडवात नानांभोवती धुळ्याकडची मंडळी जमली होती. नानांचा आवाज आत माजघरापर्यंत येत होता.

"...आणि ती माउली स्वतः आली, भांडं घेऊन. सगळ्यांले ओलांडून माझ्यापाशी थांबली! बट्टी बुडाली, ताट भरलं, पाट भिजला, माझ्या धोतराचा काठ भिजला, तरी धार चालूच! मी म्हटलं बस, माय, बस..."

"खरं आहे," शेजारी बसलेला लोटन मान डोलावत होता. "मी बाजूलेच व्हतो."

हळदीने पिवळी झालेली कुंदा आत हे ऐकून उठायला लागली. "आजी, ते तूप तर—"

"बस खाली," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी तुपाचं भांडं घेऊन निघालेल्या नातवाला, उखर्डूला, दारातच अडवलं. "उखर्डू, तुझे नाना आणि लोटनमामा, दोघांच्या पानावर आधी वाढ. आणि वाढलं म्हणून मोठ्याने ओरडून सांग. नावं घेऊन. चार माणसं ऐकतील असं."